शिल्पकार करमरकर

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या तीरी, मार्कंडा नावाचे पुरातन तीर्थक्षेत्र आहे. तेथे नदी वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते आणि त्या वळणावर दगडी देवळांचा एक समूह शतकानुशतकांच्या उन्हापावसाला तोंड देत उभा आहे. देवळांच्या भिंतींवर देवदेवता आणि सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. महाशिवरात्रीच्या यात्रेला हजारो लोक तेथे जातात आणि त्या मूर्ती पाहून थक्क होतात. चंद्रपूर शहरालगत लालपेठ येथेही एकेका अखंड शिळेतून कोरलेल्या प्रचंड मूर्ती उघड्या आकाशाखाली आहेत. या मूर्ती ज्या हातांनी घडविल्या, त्या हातांची नावे मात्र आपणांस ठाऊक नाहीत. ते कोणत्या गावचे, त्यांना ही विद्या कोणी दिली, हे विचारावे तर उत्तर देणारे कोणी नाही. दगड बोलतो, पण तो आपल्या कर्त्याविषयी बोलत नाही.

आपल्या देशात शिल्पकला अशी पिढ्यानपिढ्या घराघरांतून चालत आली. बाप घडवी आणि मुलगा पाही. पाहता पाहता मुलाचा हात वळे. इंग्रजी अमदानीत ही परंपरा क्षीण झाली. मोठे पुतळे परदेशातून आणण्याची चाल पडली आणि आपल्या कारागिरांकडे केवळ घरगुती मूर्तिकाम उरले. अशा काळात मूर्तिकारांच्या एका घरातील मुलगा आपल्या घरची माती हातात घेऊन पुढे आला, नवी विद्या शिकला आणि ज्या कामासाठी आजवर इंग्लंडकडे पाहावे लागे, ते काम त्याने याच भूमीवर करून दाखविले. त्याचे नाव विनायक पांडुरंग करमरकर. पुढे महाराष्ट्र त्यांना नानासाहेब करमरकर या नावाने ओळखू लागला.

विनायकरावांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी सासवणे या गावी झाला. सासवणे हे अलिबाग तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. त्या वेळी हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. आज तो रायगड जिल्हा आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, भाताची खाचरे, कोळ्यांची घरे आणि समोर अथांग समुद्र, असा हा परिसर. पलीकडच्या किनाऱ्यावर मुंबईसारखे गजबजलेले नगर असले, तरी या गावाचे जीवन शांतपणे आपल्या गतीने चाले.

करमरकरांच्या घरी गणपतीच्या मूर्ती घडविण्याची परंपरा होती. श्रावण लागला, की कोकणातील अशा घरांचे रूपच पालटते. शाडूची माती भिजविली जाते, तुडविली जाते, तिच्यातील खडे वेचून टाकले जातात. मऊ झालेल्या त्या गोळ्यातून हळूहळू बैठक, उदर, हात, सोंड असे आकार उमटू लागतात. माती फार ओली असली तर ढासळते आणि फार सुकली तर तडकते. तिचा मेळ बोटांनाच कळावा लागतो, तो पुस्तकात सापडत नाही. सर्वांत शेवटी डोळे रेखावयाचे. त्या दोन रेषा साधल्या, की मूर्तीत जीव आला. आणि त्या चुकल्या, तर आधीचे सारे श्रम व्यर्थ. विनायकाचे बालपण अशा घरात गेले. त्याची पहिली शाळा म्हणजे घरची ओटी आणि पहिला धडा म्हणजे मातीचा गोळा, असे म्हणण्यास हरकत नाही.

या कलेत आणखी एक शिकवण दडलेली असते. गणपतीची मूर्ती कितीही सुरेख साधली, तरी ती काही दिवसांची पाहुणी असते. चतुर्थीला ती मखरात बसते आणि विसर्जनाच्या दिवशी पाण्यात विरघळून जाते. मूर्तिकाराने महिनाभर केलेले काम समुद्र एका क्षणात परत घेतो. तरीही पुढच्या वर्षी तो तितक्याच निष्ठेने पुन्हा माती मळावयास बसतो. आपले काम टिकणार नाही हे ठाऊक असूनही ते उत्तम करावयाचे, ही गोष्ट ज्याने लहानपणी पाहिली, त्याला पुढे टिकाऊ काम करण्याची संधी मिळाली, तर तो ते किती जीव ओतून करील, याची कल्पना करता येईल.

विनायकाला मातीइतकाच रंगरेषांचाही नाद होता. गावातील राममंदिराच्या भिंतीवर त्याने छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र काढले. ज्या जिल्ह्यात रायगड किल्ला आहे आणि ज्याच्या किनाऱ्यावर महाराजांनी उभारलेला कुलाब्याचा जलदुर्ग लाटा झेलीत उभा आहे, तेथील मुलाच्या मनात शिवरायांची मूर्ती वसावी, यात नवल नाही. नवल घडले ते पुढेच. ऑटो रॉथफील्ड हे त्या वेळी कुलाब्याचे कलेक्टर होते. ते फिरतीवर असताना सासवण्यास आले आणि त्यांच्या दृष्टीस हे चित्र पडले. रॉथफील्ड हे रसिक गृहस्थ होते. पुढे त्यांनी भारतीय स्त्रियांविषयी लिहिलेल्या एका ग्रंथासाठी विख्यात चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी चित्रे काढली. खेड्यातील देवळाच्या भिंतीवर असे चित्र काढणारा कोण, याची त्यांनी चौकशी केली. मुलाच्या अंगचे गुण पाहताच त्यांनी त्यास मुंबईच्या कलाशाळेत पाठविण्याचे ठरविले आणि त्याच्या शिक्षणास साहाय्य केले.

क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. कलेक्टरच्या घोड्याची वाट त्या दिवशी दुसऱ्या गावाकडे वळली असती, तर काय झाले असते? कदाचित विनायक सासवण्यातच राहता, दरवर्षी सुंदर गणपती घडविता आणि मार्कंड्याच्या शिल्पकारांप्रमाणे त्याचेही नाव काळाच्या उदरात गडप होते. परंतु दैवाने दार उघडले, तरी आत पाऊल टाकण्याचे सामर्थ्य स्वतःचेच असावे लागते. भिंतीवर चित्र आधी होते. त्याचा पारखी नंतर आला.

त्या काळची मुंबई कशी होती हे पाहिल्यावाचून पुढील कथेचे मर्म ध्यानी येणार नाही. विनायक जन्मला, तेव्हा राणी व्हिक्टोरियाचे राज्य होते. मुंबईत राणीचा संगमरवरी पुतळा होता. तो इंग्लंडातील मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने घडविला होता आणि त्यासाठी द्रव्य दिले होते बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. शहराच्या दुसऱ्या भागात युवराज एडवर्डचा काळसर ब्राँझचा अश्वारूढ पुतळा होता. लोक त्यास काळा घोडा म्हणत आणि पुतळा १९६५ साली तेथून हलविल्यावरही त्या भागाचे ते नाव कायम राहिले. हा पुतळा १८७९ साली बसविण्यात आला. तो घडविणारा जोसेफ एडगर बोम हा मूळचा व्हिएन्नाचा. त्याचे वडील तेथील राजाच्या टांकसाळीत नाणी व पदके कोरण्यात निष्णात होते. कलेच्या घरात जन्मलेला हा मुलगा इंग्लंडात स्थायिक झाला आणि राणीचा मानाचा शिल्पकार बनला. सासवण्याचे मूर्तिकारांचे घर आणि व्हिएन्नाचे पदककारांचे घर यांत अंतर हजारो कोसांचे. पण बापाच्या हातातील हत्यार पाहत मुलाने शिकावे, ही रीत दोन्हीकडे सारखीच. भेद एवढाच, की बोमसमोर राजेरजवाड्यांची कामे चालत आली आणि आपल्या कारागिरांच्या मुलांसमोर मात्र दार बंद होते. द्रव्य येथले, पुतळा उभा राहावयाचा तोही येथेच, परंतु घडविणारे हात बहुधा परदेशचे, असा तो काळ होता.

हे दार किलकिले करण्याचे काम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने केले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही शाळा सुरू झाली. तिच्या विद्यार्थ्यांनी बोरीबंदर स्थानकाच्या भव्य इमारतीवरील पाने, फुले व पशुपक्षी यांचे कोरीव काम करण्यास हातभार लावला. याच शाळेतील गणपतराव काशिनाथ म्हात्रे या तरुण विद्यार्थ्याने १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ ही देवळाच्या वाटेने निघालेल्या स्त्रीची मूर्ती घडविली. तिची कीर्ती इंग्लंडपर्यंत पोहोचली. पाश्चात्त्य पद्धतीचे शिल्प भारतीय तरुणालाही साधते, हे म्हात्र्यांच्या त्या मूर्तीने प्रथम सिद्ध केले. त्यांनी पाडलेल्या वाटेवर करमरकरांना पुढे जावयाचे होते.

१९१० च्या सुमारास विनायकराव या शाळेत दाखल झाले. घरी त्यांनी मातीशी सलगी केली होती. येथे त्यांना शास्त्र शिकावयास मिळाले. माणसाच्या शरीरात हाडे कशी बसलेली असतात, हात उचलताना कोणता स्नायू ताणला जातो, वृद्धाची पाठ आणि तरुणाची पाठ यांत नेमका काय फरक असतो, हे सारे त्यांनी अभ्यासिले. गणपतीच्या मूर्तीचे ठरलेले प्रमाण असते. जिवंत माणूस मात्र प्रत्येक वेगळा. त्याचे वेगळेपण हेरणे हीच व्यक्तिशिल्पाची कसोटी होय. विनायकरावांनी या अभ्यासात असे प्रावीण्य मिळविले, की शिक्षणक्रम पुरा होताना त्यांना मानाचे लॉर्ड मेयो पदक देण्यात आले.

पदक मिळणे सोपे, पण पोट भरणे अवघड, ही गोष्ट कलावंताला लवकर कळते. चित्राला भिंत पुरते, पण शिल्पाला जागा, माती, लोखंड, प्लॅस्टर, मदतनीस आणि हे सारे परवडेल असा आश्रयदाता लागतो. अशा वेळी सुरेंद्रनाथ ठाकूर यांनी त्यांना कलकत्त्यास बोलाविले. सुरेंद्रनाथ हे कविवर्य रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांचे वडील सत्येंद्रनाथ यांची सरकारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली होती. त्यामुळे या घराण्याचा महाराष्ट्राशी जुना स्नेह होता. १९१६ साली विनायकराव बंगालमध्ये गेले. कलकत्ता हे तेव्हा देशातील विद्या, साहित्य व कला यांचे मोठे केंद्र होते. तेथे त्यांनी आपली कार्यशाळा थाटली आणि थोर माणसांच्या मुखाकृती घडविल्या. कोकणच्या खेड्यातला हा तरुण परप्रांतात, परभाषेत, केवळ आपल्या हातांच्या बळावर मान मिळवून राहिला.

तरीही त्यांच्या मनास स्वस्थता नव्हती. आपल्या विद्येत काही उणे आहे, हे ज्याला उमगते तोच पुढे जातो. १९२० साली ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी या प्रख्यात संस्थेत त्यांनी शिल्पकलेचे उच्च शिक्षण घेतले. तेथे त्यांनी मोठमोठ्या शिल्पकारांची कामे जवळून पाहिली. मातीच्या नमुन्यापासून ब्राँझच्या पुतळ्यापर्यंतचा प्रवास कसा होतो, ओतकामाच्या भट्ट्या कशा चालतात, याकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. ज्या देशातून आपल्याकडे पुतळे येत, त्या देशात जाऊन त्यांनी ती विद्या हस्तगत केली आणि ते स्वदेशी परतले. कलकत्त्यास पुन्हा काही काळ काम केल्यावर त्यांनी मुंबईत आपले बस्तान बसविले.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या परीक्षेचा प्रसंग येतो. पुण्यास भांबुर्डे येथे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, छत्रपती शिवाजी महाराजांचे भव्य स्मारक उभारावे, असा संकल्प कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी केला होता. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते त्याची कोनशिलाही बसली. परंतु १९२२ साली शाहू महाराज निवर्तले. कोनशिलेनंतर वर्षे लोटली. स्मारकाची जागा मात्र पुतळ्यावाचून होती. ज्या राजाने स्वराज्य उभे केले, त्याचे स्मारक अपुरे राहावे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या मनास बोचत होती. अखेर शाहू महाराजांचे सुपुत्र राजाराम महाराज यांच्या कारकीर्दीत हे काम करमरकरांकडे आले. ठरलेल्या मुदतीत एवढा विशाल अश्वारूढ पुतळा पुरा करून देण्याची हमी घेणे, हे धाडसच होते. करमरकरांचे वय तेव्हा छत्तिशीच्या आसपास. इतके मोठे काम त्यांनी पूर्वी केलेले नव्हते. यश आले असते तर ते महाराष्ट्राचे ठरले असते. अपयश आले असते तर ते त्यांच्या एकट्याचे ठरले असते. त्यांनी हमी दिली आणि काम अंगावर घेतले.

अश्वारूढ पुतळा ही शिल्पकाराची सर्वांत कठीण कसोटी मानली जाते. घोड्याचे धड मोठे आणि पाय बारीक. त्यावर स्वाराचा भार. सारा तोल त्या पायांवर सांभाळावा लागतो. शिवाय घोडा आणि स्वार हे दोन वेगळे जीव असले, तरी पाहणाराला ते एकजीव वाटले पाहिजेत. स्वार घोड्यावर ठेवल्यासारखा दिसता कामा नये. घोडा त्याच्या मनाप्रमाणे चालतो आहे, असे वाटले पाहिजे. त्यात हा स्वार सामान्य नव्हे. प्रत्येक मराठी माणसाच्या अंतःकरणात महाराजांची एक मूर्ती आधीच कोरलेली असते. त्या लाखो मूर्तींशी जुळणारी एक मूर्ती घडवावयाची होती.

अशा पुतळ्याचे काम कसे चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रथम लोखंडाचा भक्कम सांगाडा उभारतात. त्यावर ओली माती चढवून आकार घडवितात. काम चालू असेतोवर माती सुकू नये म्हणून तिच्यावर ओली फडकी टाकून ठेवावी लागतात. मातीचा नमुना मनासारखा झाला, की त्यावर प्लॅस्टरचा थर देऊन साचा घेतात आणि त्या साच्यातून प्लॅस्टरचा पुतळा काढतात. त्यावरून पुन्हा धातूच्या रसासाठी साचा तयार करतात. भरीव पुतळा फार जड होईल आणि थंड होताना तडकेल, म्हणून साच्याच्या आत गाभा बसवितात आणि साचा व गाभा यांच्यामध्ये थोडीशी जागा मोकळी ठेवतात. तांबे व कथील यांचे मिश्रण म्हणजे ब्राँझ. ते सुमारे हजार अंशांच्या उष्णतेने वितळवून त्या मोकळ्या जागेत ओततात. रस सर्वत्र पोहोचावा आणि आतील हवा बाहेर पडावी, यासाठी नळ्या व छिद्रे ठेवलेली असतात. एखादे छिद्र बुजले, साच्यात ओल राहिली किंवा रस मध्येच थिजला, तर महिनोन्‌महिन्यांचे काम एका घटकेत वाया जाते. म्हणून मोठे पुतळे पुष्कळदा तुकड्यातुकड्यांनी ओतून मग जोडतात.

महाराजांचा हा पुतळा मात्र एकसंध ओतण्याचे ठरले. एवढ्या मोठ्या ओतकामासाठी मुंबईची माझगाव गोदी निवडण्यात आली. जहाजांच्या कामासाठी प्रचंड लोखंडी वस्तू हाताळण्याची तेथील कामगारांना सवय होती. कलावंताची दृष्टी आणि गोदीतील कामगारांचे कसब यांचा तेथे मेळ बसला. धातूचा रस साच्यात जाऊ लागला, की शिल्पकाराच्या हाती काही उरत नाही. जे करावयाचे ते आधीच करून ठेवलेले असावे लागते. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याची पूर्वीची तयारीच कामी येते. तसाच हा प्रकार. करमरकरांची तयारी उणी पडली नाही. साडेतेरा फूट उंचीचा आणि आठ टन वजनाचा एकसंध ब्राँझचा पुतळा यशस्वी रीतीने साकार झाला.

आता तो पुण्यास न्यावयाचा होता. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये सह्याद्रीचा बोरघाट आडवा पसरला आहे आणि लोहमार्ग तेथे एकामागून एक बोगद्यांतून जातो. एवढ्या उंचीची वस्तू बोगद्याच्या कमानीला लागण्याची भीती होती. म्हणून रेल्वेने तिच्यासाठी खास व्यवस्था केली आणि अतिशय सावधपणे ती घाटावर नेण्यात आली. ज्या डोंगरांतून महाराजांचे मावळे वाऱ्याच्या वेगाने दौडत, त्याच डोंगरांतून महाराजांचा हा पुतळा मंद गतीने पुण्यास पोहोचला. १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. मुदत पाळली गेली. परदेशी शिल्पकारावाचून आणि परदेशी कारखान्यावाचून एवढे मोठे काम येथे होऊ शकते, हे साऱ्या देशाने पाहिले. सासवण्याच्या देवळातील भिंतीवर ज्या हाताने शिवरायांचे चित्र काढले, त्याच हाताने आता त्यांची ब्राँझची मूर्ती महाराष्ट्राला अर्पण केली.

या एका कामाने करमरकरांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यानंतर त्यांच्याकडे थोर पुरुषांच्या पुतळ्यांची कामे येऊ लागली. अशा वेळी एखादा कलावंत मोठ्यांचे पुतळे करण्यातच आयुष्य घालविता. करमरकरांनी ती कामे केली, परंतु त्यांचे मन तेवढ्यात रमले नाही. त्यांना आपल्या गावची माणसे खुणावीत होती. ‘शंखध्वनी’ या त्यांच्या शिल्पात शंख फुंकणाऱ्याच्या देहात भरलेला श्वास त्यांनी पकडला आहे. त्यांनी कोळ्याची पोर घडविली, ओझे वाहणारा हमाल घडविला, आणि अंगणातील म्हैससुद्धा घडविली. ज्यांचा पुतळा कोणी कधी उभारणार नाही, अशांनाही त्यांच्या कलेत स्थान मिळाले. राजाच्या मूर्तीस जितके लक्ष दिले, तितकेच लक्ष त्यांनी कष्टकऱ्याच्या पाठीच्या बाकास दिले.

या शिल्पांसाठी त्यांनी सिमेंटचाही उपयोग केला. ब्राँझ महाग आणि संगमरवर दुर्मीळ. सिमेंट मात्र घर बांधणारा साधा गवंडीही हाताळतो. लोक ज्यास केवळ भिंती लिंपण्याचे साहित्य समजत, त्यातून करमरकरांनी सजीव भासणारी शिल्पे घडविली आणि ती ऊनपावसात उघड्यावर ठेवता आली. लहानपणी शाडूचा मेळ ओळखणाऱ्या बोटांनी या नव्या चिखलाचाही स्वभाव ओळखला. साहित्य हलके म्हणून काम हलके होत नाही, हेच त्यांनी दाखवून दिले.

कलकत्ता, लंडन आणि मुंबई यांसारखी नगरे पाहिलेला हा कलावंत आपले गाव विसरला नाही. सासवणे येथील आपल्या घरात व भोवतालच्या बागेत त्यांनी आपली शिल्पे मांडली. अनेक कलावंतांची कामे राजवाड्यांत आणि शहरांतील संग्रहालयांत जाऊन बसतात; त्यांच्या गावकऱ्यांना ती कधी पाहावयास मिळत नाहीत. करमरकरांच्या शिल्पांचे भाग्य निराळे होते. ज्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना पाहून ती घडली, त्यांच्याच शेजारी ती राहिली.

स्वातंत्र्यानंतर देशाने त्यांच्या कार्याचा यथोचित गौरव केला. १९६२ साली त्यांना ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला आणि १९६४ साली ललित कला अकादमीने त्यांस आपले सन्मान्य सदस्यत्व दिले. १३ जून १९६७ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मागे कुटुंबीयांनी ती शिल्पे आत्मीयतेने जतन केली. सासवण्याचे ते घर पुढे करमरकर शिल्पालय म्हणून प्रसिद्धीस आले. अलिबागकडे जाणारे प्रवासी तेथे थांबतात आणि बागेतील म्हैस पाहून ती खरी की घडविलेली, या संभ्रमात क्षणभर पडतात.

करमरकरांच्या चरित्राकडे पाहिले, की तीन गोष्टी ठळकपणे ध्यानात येतात. घरी जी कला मिळाली, तिला त्यांनी कमी लेखले नाही. शाडूच्या मातीतूनच त्यांचा हात घडला. परंतु घरी मिळाले तेवढ्यावर ते संतुष्ट राहिले नाहीत. मुंबई, कलकत्ता, लंडन जेथे जेथे विद्या होती, तेथे तेथे जाऊन त्यांनी ती घेतली. आणि अवघड काम समोर आले, तेव्हा ते मागे सरले नाहीत. परंपरा, अभ्यास आणि धैर्य यांचा संगम झाला, म्हणजे कसे कार्य उभे राहते, याचा हा पुतळा साक्षीदार आहे.

आपल्या झाडीपट्टीतही तान्ह्या पोळ्यासाठी लाकडाचे नंदीबैल कोरणारे हात आहेत, मातीची मडकी घडविणारे हात आहेत, बांबूच्या कामट्यांतून सुबक टोपल्या विणणारे हात आहेत. त्या घरांतील मुले आपल्या आईबापांचे काम रोज पाहत असतात. त्यांपैकी कोणाच्या बोटांत उद्याचा शिल्पकार दडला आहे, हे आज कोणी सांगू शकणार नाही. मात्र त्याच्या हातातील लहानशा कामाकडे कोणीतरी आदराने पाहिले पाहिजे आणि त्याने स्वतःही ते मन लावून केले पाहिजे. सासवण्याच्या देवळातील त्या भिंतीसमोर रॉथफील्ड थांबले आणि एक शिल्पकार देशाला लाभला. असे थांबणे आणि असे पारखणे, हे आपणा सर्वांचेच कर्तव्य आहे.